इंजिन पूर्ण जोरात, तरी सीप्लेन पाणी का सोडत नाही?

भाऊ, तुम्ही टाकलेला व्हिडिओ तीनदा पाहिला. अलास्कातलं आडरानातलं तळं, छोटं सीप्लेन, इंजिन पूर्ण दमात, तरी विमान पाण्याला चिकटलेलंच. काठ जवळ आल्यावर कसंबसं उठतं आणि झाडांत जाऊन पडतं. तुम्ही विचारलंय, ते उठलं का नाही आणि आपल्या नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, असं होईल का. मालदीवमध्ये सीप्लेनच्या देखभालीत मी बरीच वर्षं काढली, आता पैठणला असतो. व्हिडिओ पाहून त्या पायलटला दोषी ठरवणार नाही, पण पाणी विमानाला कसं धरून ठेवतं ते सांगतो.

मृगाच्या पावसानंतर काळ्या रानातून चालला असाल. पाय सरळ वर उपसला तर चप्पल चिखलातच राहते, जरा तिरका केला की सुटते. फ्लोटचं, म्हणजे चाकांच्या जागी असणाऱ्या होडीसारख्या तरंगत्या पायांचं, तसंच आहे. सुरुवातीला विमान नाक वर करून पाणी ढकलत जातं, ताकद सगळ्यात जास्त तिथं खर्च होते. तो टप्पा ओलांडला की ते पाण्यावर सपाट घसरायला लागतं. फ्लोटच्या तळाला मध्येच एक पायरी असते, तिथून हवा शिरते आणि पाण्याची पकड सुटते. पण पाणी आरशासारखं निवांत असलं की पकड लवकर सुटत नाही. नवख्याला वाटतं, शांत तळं म्हणजे सोपं काम! जुने पायलट उलट थोड्या लाटा शोधतात, नाहीतर आधी एक फ्लोट उचलून घेतात.

दुसरं वजन. फ्लोटच्या कप्प्यांत पाणी झिरपतंच, म्हणून रोज सकाळी ते पंपानं उपसायचं. एकदा मागच्या कप्प्यातून बादलीभर पाणी निघालं. झाकणाचं रबर चिरलेलं होतं, आणि आदल्या संध्याकाळी ते पाहून 'ठीक' म्हणणारा मीच होतो. दहा-पंधरा किलो म्हणजे काही फार नाही, पण ते शेपटीकडे असलं की नाक वरच राहतं आणि विमान सपाट घसरायलाच येत नाही.

तुमच्या व्हिडिओखाली एकानं लिहिलंय की इंजिनच गेलं असणार. तसंही होतं. १९३५ मध्ये अलास्कातच पॉइंट बॅरोजवळच्या लगूनवरून, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ तळ्यावरून, उडताच वायली पोस्टच्या विमानाचं इंजिन बंद पडलं, तो आणि सोबतचा अमेरिकन विनोदवीर विल रॉजर्स दोघंही गेले. पोस्ट म्हणजे एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला वैमानिक. पण ते विमान जोडाजोडीचं, नाकाकडं जड. तुमच्या व्हिडिओत मात्र इंजिनचा आवाज शेवटपर्यंत आहे.

अशा वेळी उपाय एकच. निघण्याआधी काठावरचं एक झाड ठरवायचं, तिथपर्यंत पाणी सुटलं नाही तर थ्रॉटल, म्हणजे इंजिनचा जोर कमी-जास्त करणारा दांडा, बंद. जे पाणी उठू देत नाही तेच मग पटकन थांबवतं. पण झाड मागं गेल्यावरही 'आता उठेल, आता उठेल' करत माणूस हात मागं घेत नाही. उठलंच तर पाण्यालगतच्या हवेच्या आधारानं तरंगतं, वर चढायला जोर उरलेला नसतो.

नाथसागर सुमारे ५५ किलोमीटर लांब, तिथं जागेची अडचण नाही. अडचण उन्हाची. पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फूट. मे महिन्यात दुपारी ४२ अंशाला तिथली हवा विमानाला ५००० फुटांवरच्या हवेइतकी पातळ लागते. पंखांची उचल घटते, इंजिनचा दमही. शिवाय मासेमारीची जाळी, आणि पक्षी अभयारण्य असल्यानं थवेच्या थवे.

तुमचा शेवटचा प्रश्न, लाइफ जॅकेट असूनही लोक आत का अडकतात? एक कारण म्हणजे जॅकेट आतच फुगवलेलं असतं. सीप्लेन उलटतं, फुगलेलं जॅकेट माणसाला वरच्या बाजूला दाबून धरतं आणि दार राहतं खाली. म्हणून आधी एक हात दाराच्या कडीवर, मग पट्टा सोडायचा, आणि जॅकेटची दोरी बाहेर आल्यावरच ओढायची.