शिकवणीच्या बायोडेटात काय लिहू?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी गणित घेऊन बी.एस्सी. केलं. लग्नानंतर घरीच आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेते. आता एका खासगी क्लासला अर्ज करायचा आहे. बी.एड. नाही, शाळेतला अनुभव नाही. बायोडेटात 'मेहनती, प्रामाणिक, उत्तम संवादकौशल्य' यापुढे काही सुचत नाही. कोणती कौशल्यं ठळक लिहू?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ते तिन्ही शब्द आधी खोडा. माझ्या क्लाससाठी शिक्षक निवडताना ते मी जवळजवळ प्रत्येक अर्जात वाचते आणि त्यातून माणूस कळत नाही. मूल नेमकं कुठे अडलंय हे या बाईंना ओळखता येतं का, एवढंच मी शोधत असते.

समजा, मुलाने १/२ + १/३ = २/५ असं लिहिलं. फुली मारून बरोबर उत्तर लिहून देणारे पुष्कळ भेटतात. 'कसं केलंस, सांग बरं' असं विचारून, तो अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतोय हे हेरणारे थोडे. आणि 'अर्ध्या भाकरीत अजून तुकडा घातला, मग ती अर्धीपेक्षा कमी कशी झाली?' असं विचारून त्यालाच चूक पकडू देणारे त्याहून थोडे. तुम्ही असं शिकवत असाल तर अगदी वर लिहा : 'अपूर्णांक, ऋण संख्या यांतल्या नेहमीच्या चुका शोधून पाया पक्का करून घेते.'

राज्य मंडळाच्या दहावीला बीजगणित आणि भूमितीचे ४०-४० गुणांचे वेगळे पेपर असतात, २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. भूमितीच्या रचना आणि सिद्धता कशा करून घेता, ते एका ओळीत सांगा. सेमी-इंग्रजीची मुलं शिकवली असतील तर तेही जरूर लिहा.

घरच्या शिकवण्या हा अनुभवच आहे. वर्षं, इयत्ता, माध्यम, मुलांची संख्या नीट मांडा. गुण द्यायचे तर आधीचे आणि नंतरचे दोन्ही द्या. पस्तीसवरून साठवर आलेलं मूल मला नव्वदवाल्यापेक्षा तुमच्याबद्दल जास्त सांगतं. मुलांची नावं मात्र घालू नका. 'संवादकौशल्य'ऐवजी 'दर चाचणीनंतर पालकांना पेपर दाखवून बोलते' असं लिहा, अर्थात खरंच बोलत असाल तर.

बी.एड. नसल्याचं दडपण नको. आमच्यासारख्या क्लासमध्ये डेमो तासावरच बरंचसं ठरतं. त्यासाठी कोणता धडा घ्यायला आवडेल, तेही शेवटी लिहून टाका. असा अर्ज माझ्या टेबलावर आला तर मी त्याच दिवशी फोन करेन.