आधी इंजेक्शनचं नाव लिहून घ्या

ताई, तुमची पोस्ट वाचताना आमच्या कुत्र्याचा, गुंड्याचा केसपेपर वाचतोय असं वाटलं. केसपेपर आमच्याकडे कधी नव्हताच, ती रड पुढे येईलच. तुमचं बेळगावच्या शहापुरात घर, चार वर्षांची स्पिट्झ कुत्री (गल्लीत सगळे तिला ‘पामेरियन’ म्हणतात, म्हणू देत), रात्रभर पंजे चाटते, शेपटीच्या मुळाशी चावून चावून कातडी उघडी पडलीय. ‘ॲलर्जी आहे’ म्हणून इंजेक्शन मारलं की तीन आठवडे शांत, मग परत तेच. आता चौथं घ्यावं की नको, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत: ते इंजेक्शन कुठलं आहे हे कागदावर मिळेपर्यंत घेऊ नका. मी पशुवैद्य नाही, कुत्रं पाळणारा माणूस आहे, तेव्हा खालचं सगळं त्याच भावात घ्या. आंघोळ, ब्रश, गोचीड कशी काढायची यावर लिहीत बसत नाही. चार वर्षं सांभाळलंय म्हणजे तेवढं येतच असणार.

गुंड्याची खाज सुरू झाली पावसाळ्यात. बेळगावचा पाऊस तुम्हाला काय सांगायचा, अंथरलेलं पोतंसुद्धा महिना महिना वाळत नाही. घराजवळच्या एका दवाखान्यात नेलं. नाव लिहिणार नाही, वैयक्तिक निरोपातही विचारू नका. डॉक्टरांनी खुर्चीतूनच पाहिलं, ‘ॲलर्जी’ म्हणाले. कंपाउंडरनं एक छोटी बाटली खळाखळा हलवली आणि दुधासारखं पांढरं औषध सिरिंजमध्ये ओढून मांडीत टोचलं. दुसऱ्या दिवशी खाज गायब. घरात डॉक्टरांची आरती ओवाळायचीच बाकी होती. काही आठवड्यांनी पुन्हा खाज, पुन्हा तीच पांढरी बाटली. असं वर्षभर चाललं. नाव विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘ॲलर्जीचंच आहे, चांगल्या कंपनीचं आहे.’ चिठ्ठी नाही, लसीच्या पुस्तकातही ओळ नाही.

पुढे गुंड्या वाडगं वाडगं पाणी प्यायला लागला. कधी घरात न मुतणारा कुत्रा सोप्यात मुतायला लागला. भूक अशी की केरातली कांद्याची सालं उकरायचा. पोट लोंबायला लागलं, पाठीवरचे केस विरळ झाले, डोळ्यांभोवती टक्कल. दवाखान्यात सांगितलं तर म्हणे, ‘मार्च आहे, उन्हाळ्यात पाणी पिणारच की.’

शेवटी कोल्हापूरला एका डॉक्टरांकडे नेलं. (तवंदी घाटात ओकतात काही कुत्री, निघण्याआधी खायला घालू नका.) त्यांनी कुत्र्याला हात लावायच्या आधी तीन प्रश्न विचारले: इंजेक्शन कुठलं, किती एमएल, शेवटचं कधी? आमच्याकडे उत्तर एकच, ‘पांढरं होतं.’

त्या पांढऱ्याचं त्यांनी जे सांगितलं ते लक्षात ठेवा. डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड पाण्यासारखं स्वच्छ दिसतं आणि काही दिवसांत उतरतं. मिथाइलप्रेडनिसोलोन किंवा ट्रायमसिनोलोनचं जे टिकाऊ इंजेक्शन येतं ते पांढरं असतं, हलवून घ्यावं लागतं आणि आठवडेच्या आठवडे अंगात राहतं. एकदा टोचलं की परत काढता येत नाही. पण पांढरं म्हणजे स्टेरॉइडच असंही नाही, पेनिसिलिनची काही इंजेक्शनंही तशीच दिसतात. म्हणजे रंगावरून फक्त संशय घ्यायचा. नाव माहीत नसेल तर ॲलर्जीच्या तपासण्यांसाठी किती थांबायचं ते ठरत नाही. दुखण्यावरचं मेलॉक्सिकॅमसारखं औषधही देता येत नाही, कारण स्टेरॉइडसोबत ते गेलं तर पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो.

मग त्या पहिल्या दवाखान्याला फोन. पहिल्यांदा ‘डॉक्टर गोव्याला गेलेत’. नंतर ‘आम्ही रेकॉर्ड ठेवत नाही’. शेवटी, ‘तुम्ही दुसरीकडे गेलाय न्हवं, मग त्यांनाच विचारा.’ अहो, खडेबाजारात चप्पल शिवायला टाकली तरी चिठ्ठी मिळते! चूक सगळ्यांच्या हातून होते, डॉक्टरही माणूसच. पण दिलेल्या औषधाचं नाव सांगायला नकार देणं याला मी चूक म्हणत नाही. त्या एका नावासाठी गुंड्याचा अख्खा उन्हाळा वाया गेला, कारण कोल्हापूरच्या डॉक्टरांना प्रत्येक पाऊल अंदाजानं आणि जपून टाकावं लागलं.

एक तपासणी मात्र त्यांनी त्याच दिवशी केली. ब्लेडला तेलाचा थेंब लावून, किंचित रक्त दिसेपर्यंत कातडी खरवडली आणि काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. मलाही दाखवली. लांबुळक्या, सिगारसारख्या, पुढच्या टोकाला आखूड पाय हलवणाऱ्या जिवांचा नुसता बाजार. डेमोडेक्स, म्हणजे कातडीतले सूक्ष्म किडे. हे थोडेफार प्रत्येक कुत्र्याच्या कातडीत असतातच, प्रतिकारशक्ती दाबली गेली की फोफावतात. आणि स्टेरॉइड नेमकं तेच करतं. पिसवांच्या ॲलर्जीवर, बहुधा तीच असावी, वर्षभर स्टेरॉइड (नाव मिळालं नाही, पण ती तहान, भूक, लोंबतं पोट त्याचीच खूण) मारून एक दुसरा आजार विकत घेतला होता. खरवडायला आणि बघायला मिळून चहा प्यायला लागतो तेवढा वेळ लागला. ही तपासणी पहिल्याच भेटीत झाली असती तर एवढं लिहायची पाळी आली नसती.

आता तुमच्या चिमुरडीबद्दल. शेपटीचं मूळ आणि मागची बाजू म्हटलं की आधी पिसवा. ‘आमच्याकडे पिसवा नाहीत’ असं सगळेच म्हणतात. ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला दोन-चार चावे पुरतात, आणि ते स्वतःला इतकं चाटतं की पिसू सापडतच नाही. बारीक दातांच्या कंगव्यानं विंचरून निघालेली काळी पूड ओल्या पांढऱ्या कापसावर टाका. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. मग घरातल्या सगळ्या जनावरांना एकदम औषध, मांजर असेल तर तिलाही, पण मांजराचं वेगळं. कुत्र्यांची परमेथ्रिनवाली औषधं मांजराच्या जिवावर उठतात. पोती, चादरी गरम पाण्यात धुवायच्या, कोपरे झाडायचे, आणि हे महिनोन् महिने चालू ठेवायचं, कारण कोशातली पिल्लं मागाहून बाहेर येत राहतात. फ्लुरालानर, अफोक्सोलानर या गोळ्या चांगल्या. आमचा डेमोडेक्सही त्यातल्याच एकीनं गेला. पण झटके येणाऱ्या कुत्र्याला डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नको, आणि मोठ्या कुत्र्याची गोळी तोडून लहानाला तर अजिबात नको.

पंजे चाटणं वेगळं असू शकतं. वास घ्या. आंबूस, तेलकट वास आणि बोटांच्या बेचक्यांत तपकिरी थर असेल तर यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी. त्याला क्लोरहेक्सिडिन-मायकोनाझोलचा शाम्पू लागतो, आणि तो लावून दहा मिनिटं ठेवावा लागतो. लगेच धुतलात तर पैसे मोरीत. स्पिट्झची आतली लव मुळापर्यंत वाळवायची, पावसाळ्यात हेअर ड्रायरच्या थंड हवेनं. नाहीतर ओल तशीच राहते आणि नवीन जखमा होतात.

खाण्याच्या ॲलर्जीसाठी रक्त किंवा लाळ तपासून देतो म्हणणाऱ्यांकडे पैसे घालवू नका, त्या चाचण्या भरवशाच्या नाहीत. आठ आठवडे फक्त आधी कधीच न खाल्लेलं एक प्रथिन आणि एक पिष्टमय पदार्थ खायला घालून खाज थांबते का बघायचं, एवढीच खरी तपासणी. आमच्याकडे चिकन, दूध-चपाती आणि बिस्किटं कायमची, म्हणून डॉक्टरांनी मासा आणि उकडलेलं रताळं दिलं. रताळी आपल्या भागात हवी तेवढी. मासा बांगडा असेल तर ताजाच घ्या. बाहेर राहिलेल्या बांगड्यात हिस्टामिन साठतं, मग खाज माशाची की हिस्टामिनची तेच कळत नाही. आणि हा प्रयोग गणपतीत करू नका. आमची आई ‘एवढ्याशानं काय होतंय’ म्हणत कुंदा (आपली दुधाची मिठाई) भरवायची, एवढ्याशानंच सगळे आठवडे पाण्यात जातात. शिऱ्यातले, पंचखाद्यातले बेदाणे-मनुके तर कुत्र्याला विषारीच. खाज असो नसो, ते लांब ठेवा.

तुमच्या पोस्टखाली कुणीतरी खोबरेल-कापूर सुचवलंय. नको. कापूर चाटला तर लहान कुत्र्याला झटके येऊ शकतात. टी ट्री ऑइल नको, गॅरेजमधलं काळं ऑइल तर नकोच नको. माणसांच्या सर्दीच्या गोळ्याही नकोत, त्यातल्या काहींत कुत्र्याला घातक असं स्यूडोएफेड्रिन असतं. नुसत्या सेटिरिझिननं (माणसांची ॲलर्जीची गोळी) आमच्या गुंड्याला झोपसुद्धा आली नाही, खाज थांबणं लांबच.

स्टेरॉइड वाईटच असं मी म्हणत नाही. कातडी सोलेपर्यंत खाजवणाऱ्या कुत्र्याला थोडे दिवस, मोजून, उतरत्या मात्रेत दिलेल्या गोळ्या वरदान आहेत. तुमच्याकडे तशा चालू असतील तर माझं वाचून एकदम बंद करू नका, डॉक्टर सांगतील तशाच कमी करा. माझं भांडण न सांगता टोचलेल्या टिकाऊ इंजेक्शनशी आहे.

आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यात गर्दी गाई-म्हशींची, तिथे स्पिट्झ घेऊन उभं राहायचं जरा अवघड जातं, पण खरवडून तपासणी करतात का हे विचारायला हरकत नाही. तेवढ्यानं भागलं नाही तर गदग किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना. जवळ नाहीत, ठाऊक आहे.

तुम्ही उद्या एवढं करा. त्या दवाखान्यात भांडायला म्हणून जाऊ नका. ‘बाहेरगावी जायचंय, तिथे लागलं तर दाखवायला तिन्ही इंजेक्शनांची नावं नि मात्रा लिहून द्या’ म्हणा. असं म्हटल्यावर बहुतेक देतात. नाहीच दिली तर रिकाम्या बाटलीचा फोटो मागा. तारखांसाठी मोबाईलमधले पेमेंट बघा. आम्ही रोख देत होतो, त्यामुळे आम्हाला तेही जमलं नाही. नावं मिळाली की इथेच टाका, आणि पंजांचा एक फोटो उजेडात काढून टाका, बोटं फाकवून.