लो-फॉडमॅप आहाराचे, म्हणजे पोटात नीट न शोषल्या जाणाऱ्या आणि गॅस करणाऱ्या साखरा टाळण्याचे, पाच आठवडे झाले, पोट शांत आहे. आता बंद केलेले पदार्थ परत कसे सुरू करायचे? होळीला पुरणपोळी चालेल का?

आधी माझा घोळ सांगते. मलाही आयबीएस, म्हणजे पोट वारंवार फुगण्या-दुखण्याचा आतड्यांचा जुना त्रास. पाच आठवडे ज्वारीची भाकरी, भात, भेंडी यांवर काढले, पोट हलकं झालं, आणि त्याच आनंदात सहाव्या रविवारी मिसळ चापली. रात्री पोटाचा नगारा! कशाने झालं म्हणाल, तर काही पत्ता नाही. कटात कांदा-लसूण, खाली मटकी, सोबत पाव. सगळे संशयित एकाच ताटलीत.

तेव्हा अख्खा पदार्थ परत आणू नका, एकेक घटक आणा. ही पद्धत मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातली. या साखरांचे गट असे: गहू, कांदा, लसूण यांत फ्रुक्टन असतं, डाळी-कडधान्यांत गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड्स, दुधात लॅक्टोज, आंब्यात आणि मधात जास्तीचं फ्रुक्टोज. फ्लॉवर-मश्रूमचा गट आणखी वेगळा. एका वेळी एकच घ्यायचं, तीन दिवस थोडं थोडं वाढवत, मग दोन-तीन दिवस सुट्टी. त्रास झाला तर तिथेच थांबायचं आणि पोट निवळल्यावरच पुढचं घ्यायचं. बाकी जेवण मात्र पहिल्यासारखंच. दूध पचलं म्हणून लगेच रोज सुरू करायचं नाही, सगळं तपासून होईपर्यंत तेही बाजूला. इथेच बहुतेकांचा तोल जातो.

मी दुधापासून सुरुवात केली. पाव कप, अर्धा, मग पूर्ण, तेही नुसतं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, चहातूनच घे की, बिस्किटाबरोबर." बिस्किट म्हणजे गहू, झाला ना पुन्हा गोंधळ! कॅलेंडरच्या चौकटीत लिहायचे: "दू. अर्धा, ठीक". त्रास कधी कधी दुसऱ्या दिवशी उमटतो, त्यामुळे आठवणीवर विसंबू नका. पाळीच्या आठवड्यात मी नवीन काही घेत नसे, तेव्हा पोट असंही बिघडतं.

फ्रुक्टन एकच असलं तरी गहू, कांदा, लसूण तिन्ही वेगवेगळे तपासा. मला एक पोळी चालते, तिसरीला पोट फुगतं. कांदा चमचाभरही नाही. लसणीची मात्र पळवाट सापडली. फ्रुक्टन पाण्यात उतरतं, तेलात नाही. म्हणून अख्ख्या पाकळ्या तेलात तळून काढून टाकते आणि मगच आमटीचं पाणी ओतते. वास सगळा राहतो.

दोन गोष्टींत हयगय नको. काही खाल्ल्यावर ओठ सुजले, अंगावर पित्त उठलं किंवा धाप लागली असेल तर ती अॅलर्जी असू शकते. तो पदार्थ घरी अजिबात तपासू नका. आणि गहू बंद करण्याआधी सिलिअॅकची (गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा करणाऱ्या आजाराची) रक्ततपासणी झाली नसेल तर आधी डॉक्टरांशी बोला. गहू पोटात जात नसताना ती तपासणी खोटीच चांगली येऊ शकते.

आता तुमची पुरणपोळी. गहू, हरभऱ्याची डाळ आणि वर वाटीभर दूध, म्हणजे तीन गट. गहू आणि डाळ वेगवेगळी पास झाली तरी एकत्र जड जाऊ शकतात, त्यामुळे ती सगळ्यात शेवटी ठेवा. मी गेल्या होळीला अर्धीच खाल्ली, दुधाऐवजी तुपाशी. उरलेली अर्धी नवऱ्याच्या पानात गेली.