दुष्काळात झाड आतून काय करतं, हे शिकायचं असेल तर…

ताई, नमस्कार.

आटपाडीहून तुम्ही लिहिलंय की मुलगी बारावी सायन्स झाली, नीटमध्ये कमी पडली आणि तिला रिपीट करायचं नाही. दुष्काळात झाडाच्या पेशींत काय घडतं, तेच तिला शिकायचंय. पाहुणे म्हणतात, ‘बॉटनी घेऊन पोरगी करणार काय?’ आणि तुम्ही विचारताय, ॲग्री, बायोटेक की साधी बीएस्सी?

आधी तिच्या प्रश्नाबद्दल, कारण तो तुमच्याच बागेतला आहे. डाळिंबाचा बहार धरताना तुम्ही पाणी तोडून ताण देता, इथेफॉन फवारून पानगळ करता, मग पाणी सोडता आणि कळी निघते. इथेफॉनमधून झाडात इथिलीन सुटतं, आणि ते झाडाचं स्वतःचंही संप्रेरक, म्हणजे हार्मोन आहे. ताणाच्या दिवसांत आणखी एक संप्रेरक वाढतं, ॲब्सिसिक ॲसिड. पेशीतली काही प्रथिनं ते नेमकं ओळखतात. एरवी एक एन्झाइम दुसऱ्याला दाबून ठेवतं. हे ॲसिड आलं की दाब उठतो. मोकळ्या झालेल्या एन्झाइममुळे पर्णरंध्राच्या, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्राच्या, कडेच्या रक्षक पेशींतले क्षार बाहेर पडतात, पाठोपाठ पाणी जातं, पेशी ढिल्या पडतात आणि रंध्र मिटतं. पाण्याची वाफ होणं बरंच कमी होतं. ॲसिड ओळखणारी ही प्रथिनं कळली २००९ साली, म्हणजे विषय अजून ताजा आहे, त्यात करण्यासारखं पुष्कळ उरलंय.

आणि हे कागदावर राहत नाही. पुराच्या पाण्याखाली तग धरण्याचं जीन ओडिशातल्या भाताच्या एका जुन्या वाणात मिळालं. ते आणून ‘स्वर्णा सब-१’ हा वाण झाला. एका बाजूला जत-आटपाडीचा दुष्काळ, दुसरीकडे कृष्णेचा पूर, अशा आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मुलीला यात रस वाटावा याचा मला फार आनंद झाला.

आता निवड. चार वर्षांनी घरात पगार यायलाच हवा असेल, तर सीईटीच्या मार्कांवर बीएस्सी ॲग्री घ्या. बँकेत कृषी अधिकारी, एमपीएससीची कृषी सेवा, बियाणे कंपन्या असे रस्ते उघडे राहतात. शिवाय पुढे वनस्पतिशरीरक्रियाशास्त्रात एमएस्सी करून ती संशोधनाकडे वळू शकते. अजैविक ताणावर, म्हणजे दुष्काळ, उष्णता अशा ताणांवर काम करणारी केंद्र सरकारची संस्था तर बारामतीजवळ माळेगावलाच आहे.

पण घर थोडं थांबू शकत असेल, तर माझं मत साध्या बीएस्सीला आहे, केमिस्ट्री आणि बॉटनी घेऊन. या विषयात केमिस्ट्री कच्ची राहिली की पुढे सगळं अडतं. मग जॅम किंवा गॅट-बी या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षा देऊन चांगल्या ठिकाणी एमएस्सी, त्यानंतर नेट ही पात्रता परीक्षा. त्यातून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडी करताना सुरुवातीला महिना ३७,००० रुपये मिळतात, वर घरभाडं. वाट लांब आहे, बीएस्सीपासून पीएचडीपर्यंत नऊ-दहा वर्षं सहज जातात. हे तिला आत्ताच स्पष्ट सांगा.

नुसत्या नावाला भुलून बायोटेकची भरमसाट फी भरू नका. कॉलेज बघायला जाल तेव्हा प्रयोगशाळेत उभं राहून दुसऱ्या वर्षाच्या मुलांनाच विचारा, ‘डीएनए तुम्ही स्वतः काढलाय का, डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पीसीआर मशीनला हात लावू देतात का?’ ऑफिसात मिळालेल्या माहितीपत्रकापेक्षा त्यांच्या उत्तरावर ठरवा. आणि पाहुण्यांना नव्हे, मुलीलाच सोबत न्या.