ऑस्ट्रेलियन क्लायंटने ईमेलमध्ये ‘गुड ऑन या’ लिहिलंय. कौतुक समजू की टोमणा? आणि हे इंग्रजी चुकीचं नाही का?

कौतुकच आहे. ‘शाब्बास, भले!’ या थाटाचं. तेवढंच विचारलं असतंत तर मी लिहायला बसलोही नसतो, पण ‘चुकीचं इंग्रजी’ म्हणालात!

आमचे दाजी न्यू जर्सीहून मेलबर्नला आले होते. त्या शनिवारी मुलाच्या क्रिकेट क्लबसाठी बनिंग्ज या हार्डवेअरच्या दुकानाबाहेर सॉसेज भाजायची पाळी आमची. इथले क्लब, शाळा असेच पैसे उभे करतात. ब्रेडची स्लाइस, त्यावर परतलेला कांदा, वर सॉसेज. कांदा खाली, कारण सांडलेल्या कांद्यावरून कुणी घसरू नये म्हणून २०१८ साली दुकानानेच तसं बजावलं. देशभर चर्चा झाली होती त्याची! मी कांद्यावर, दाजी गल्ल्यावर. रंगाने माखलेले बूट घातलेला एक म्हातारा आला, साडेतीन डॉलरच्या सॉसेजला दहाची नोट दिली आणि सुटे घेईचना. म्हणाला, पोरांना बॉल घ्या, गुड ऑन या मेट! मागे वळून मलाही नुसतं ‘ऑन या!’

रात्री जेवताना दाजी सुरू. म्हणे, ह्यांना धड इंग्रजी येत नाही, ‘गुड फॉर यू’ म्हणायला हवं. अहो, ते तुमच्या अमेरिकेत! ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड, ब्रिटन, सगळीकडे ‘गुड ऑन यू’ चालतं (‘या’ हा त्या ‘यू’चाच बोलीतला उच्चार), शब्दकोशांतही आहे. उलट ‘गुड फॉर यू’ मध्येच मला कित्येकदा ‘तुझं झालं ना भलं, मग मला काय’ असा वास येतो. दाजींचा अजून हेका आहे की म्हाताऱ्याने आमची थट्टा केली. साडेसहा डॉलर सोडून कोण थट्टा करतं?

हां, टोमणाही मारतात बरं का. कुणी कीबोर्डवर कॉफी सांडली की रेंगाळलेल्या सुरात हेच ऐकू येतं. बोलण्यात ‘ऑन’वर जोर असतो, बाकी सूर सांगतो. ईमेलमध्ये सूर कुठून येणार? डिलिव्हरी वेळेत दिली असेल तर खुशाल खूश व्हा, हुकवली असेल तर मात्र मेल पुन्हा वाचा.

उत्तरात ‘चिअर्स’, म्हणजे इथलं ‘थँक्स’, पुरे. साहेबाला मात्र स्वतःहून ‘गुड ऑन या’ लिहू नका, आपणच त्याची पाठ थोपटल्यासारखं होतं.