स्टॅक मशीन शिकायचं तर आधी पुस्तक वाचू की कोड लिहू?

तुम्ही विचारलंय की स्टॅकवर (म्हणजे शेवटी ठेवलेलं आधी निघतं अशा चळतीवर) चालणारं मशीन आणि त्याची भाषा समजून घ्यायला आधी कंपायलरचं, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामचं, जाडजूड पुस्तक वाचावं लागेल का. नाही. मी घेतलं होतं वाचायला, पार्सिंगच्या, म्हणजे लिहिलेल्या कोडची रचना उलगडण्याच्या, प्रकरणातच दमलो. आणि इथे पार्सर जवळपास लागतच नाही! स्पेसवर शब्द तोडा. आकडा असेल तर स्टॅकवर ठेवा, नसेल तर त्या नावाचं काम करा. (३ + ४) × ५ हे तिथे असं लिहितात:

३ ४ + ५ *

कंस गेले, कुठली क्रिया आधी ही भानगडही गेली.

एवढं एका संध्याकाळी होतं. माझंही झालं, बेरीज-गुणाकार झकास चालले. मग १० ३ - दिलं तर उत्तर -७. बराच वेळ डोकं खाजवल्यावर कळलं: स्टॅकवरून आधी निघतो तो ३, म्हणजे उजवीकडचा आकडा, आणि मी त्यालाच डावा धरून बसलो होतो. बेरजेत क्रम उलटला तरी फरक पडत नाही, म्हणून चूक लपून राहिली. तेव्हा चाचणी वजाबाकीने करा.

पुढचा धडा फोर्थ या स्टॅकवर चालणाऱ्या भाषेचा. चार्ल्स मूर यांनी १९७० च्या आसपास ती आकाराला आणली. तिच्यात नवा शब्द असा बनतो (नावं मी देवनागरीत लिहितोय):

: वर्ग डुप * ;

डुप म्हणजे वरच्या आकड्याची आणखी एक प्रत. ५ वर्ग म्हटलं की आधी ५ ५, मग २५. आता हा शब्द दुसऱ्या शब्दाच्या आतून बोलावला, तर काम संपल्यावर परतायचं कुठे? तो पत्ता त्याच स्टॅकवर टाकलात, तर तो आकड्यांच्या डोक्यावर बसतो आणि डुप पत्त्याचीच प्रत काढतो. म्हणून फोर्थमध्ये स्टॅक दोन, एक आकड्यांचा, एक परतीच्या पत्त्यांचा. हे अडखळूनच कळू द्या.

मग जावाच्या व्हर्च्युअल मशीनकडे, म्हणजे जावाचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या मशीनकडे वळा; तेही स्टॅकवरच चालतं. तिथे बेरजेची सूचना एका बाइटची, कारण कोणाची बेरीज हे सांगावंच लागत नाही. उलट लुआ ही भाषा २००३ साली, ५.० आवृत्तीत, स्टॅक सोडून रजिस्टरवर (सूचनेत क्रमांकाने सांगायच्या जागांवर) गेली: प्रत्येक व्हेरिएबल आधी स्टॅकवर चढवण्यात सूचनांची संख्या वाढते. पायथॉन येत असेल तर त्याच्या डिस (dis) मॉड्यूलला, म्हणजे फंक्शनच्या आतल्या मशीन-सूचना दाखवणाऱ्या साधनाला, तुमचंच एखादं छोटं फंक्शन देऊन बघा, ही चढउतार ओळीओळीने दिसेल.