एक्स-रे नॉर्मल आला, दुखणंही थांबलं, मग कबड्डी खेळू का?

तुम्ही लिहिलंय की चढाईत पकड बसली, गुडघ्यावर बाहेरून धक्का आला आणि आतली बाजू सुजली. एक्स-रे नॉर्मल आहे, दोन आठवड्यांनी चालताना दुखतही नाही, म्हणून रविवारच्या सामन्यात उतरायचंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, कबड्डीची मुलं माझ्याकडे नेहमी येतात. या सामन्यात उतरू नका, असं मी तुम्हाला कळकळीने सांगेन.

एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट (हाडांना हाडं बांधून ठेवणारा पट्टा) दिसत नाही. धक्का बाहेरून आणि दुखणं आतून, म्हणजे बहुधा आतल्या बाजूचं लिगामेंट (एमसीएल) दुखावलंय. याचा रक्तपुरवठा चांगला असतो, त्यामुळे ते बहुतेक वेळा ऑपरेशनशिवाय भरून येतं. नुसतं ताणलं असेल तर साधारण १ ते ३ आठवडे, अर्धवट फाटलं असेल तर ४ ते ६, आणि पूर्ण फाटलं असेल तर दोन-तीन महिने किंवा जास्तही लागतात.

मात्र मार बसताना आतून ‘कट्’ असा आवाज आला होता का? तासा-दोन तासांतच गुडघा टम्म फुगला होता का? वळताना तो सटकल्यासारखा वाटतो का? यातलं काही असेल तर एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या मधोमध असलेलं लिगामेंट, फाटल्याची शंका घ्यावी लागते. गुडघा मध्येच अडकत असेल, सरळच होत नसेल, तर गुडघ्याच्या हाडांमधली गादी (मेनिस्कस) फाटलेली असू शकते. अशा वेळी अस्थिरोगतज्ज्ञांकडून गुडघा हाताने तपासून घ्या. एमआरआय लागेल की नाही ते तेच सांगतील.

दुखणं थांबलं तरी मांडीचा पुढचा स्नायू अशक्तच राहिलेला असतो. गुडघा सुजला की हा स्नायू नीट आवळला जात नाही आणि थोड्याच दिवसांत रोडावतो. दोन्ही मांड्या शेजारी ठेवून बघा, फरक डोळ्यांनाच दिसेल. म्हणून आजपासून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती खाली दाबा, पाच सेकंद धरा, सोडा. मग पाय सरळ ठेवून उचलणं. पण झोपताना गुडघ्याखाली उशी नको. आराम वाटतो खरा, पण गुडघा वाकलेलाच राहतो आणि पुढे पूर्ण सरळ व्हायला त्रास देतो.

आंबेहळदीचा लेप लावायचा तर लावा, फक्त सूज असेपर्यंत मालीश करून घेऊ नका. खेळून-चालून सूज आली तर कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं बर्फ. उकिडवं बसणं, मांडी घालणं सध्या टाळा.

मैदानाचं म्हणाल, तर आधी सरळ रेषेत पळा. मग दुखऱ्या पायावर एकट्याने उडी मारा. ती चांगल्या पायाच्या उडीच्या निदान ९० टक्के जायला हवी, आणि दुसऱ्या दिवशी सूज नको. त्यानंतर झटकन वळणं, आणि सगळ्यात शेवटी सरावात पकड. प्रशिक्षकांना हे आजच सांगून टाका, म्हणजे रविवारी ऐनवेळी आग्रह होणार नाही.